सलग मिश्र ध्वनिमुद्रणाचे विभाजन
सलग मिश्र ध्वनिमुद्रणाचे विभाजन : अनेक गीते अथवा वाद्यरचना मध्ये खंड न पडू देता एकमेकींत मिसळून वाजविलेल्या असतात व त्या सर्वांचे मिळून एकच लांब ध्वनिमुद्रण झालेले असते. अशा मुद्रणातून प्रत्येक रचना स्वतंत्र ध्वनिपट म्हणून वेगळी करण्याच्या क्रियेस सलग मिश्र ध्वनिमुद्रणाचे विभाजन म्हणतात. असे मिश्रण करणाऱ्या वादकास डिस्क जॉकी किंवा संक्षेपाने डीजे म्हणतात. (महाराष्ट्रात मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीलाच डीजे म्हणण्याचा प्रघात पडला आहे, येथे तो शब्द त्याच्या मूळ अर्थाने, म्हणजे तबकड्या निवडून वाजविणारी व्यक्ती या अर्थाने वापरला आहे.) ध्वनिफितीच्या काळात हे काम फीत पात्याने कापून व चिकटपट्टीने जोडून करावे लागे. आता ते संगणकावरील ध्वनिसंपादन आज्ञावलीच्या साहाय्याने होते.

वरवर पाहता ही क्रिया अगदी साधी आहे. काळाच्या रेषेवर काही खुणा करावयाच्या आणि त्या खुणांवर फाईल तोडावयाची, एवढेच तिचे स्वरूप दिसते. अडचण अशी की, जेथे तोडावयाचे ती जागा मिश्रणात बहुधा अस्तित्वातच नसते. पहिले गीत संपण्यापूर्वीच दुसरे सुरू झालेले असते आणि मधला अर्धा ते दीड मिनिट दोन्ही एकाच वेळी वाजत असतात. हा दुहेरी भाग म्हणजेच ‘सांधा’ होय. सांधा कोणाच्या वाट्याला द्यावयाचा हा विभाजनातील मुख्य प्रश्न असून त्याचे उत्तर यंत्र देत नाही, कानाने द्यावे लागते.

इतिहास : दोन तबकड्यांचे ताल जुळवून एकीवरून दुसरीवर नकळत जाण्याची कला न्यूयॉर्कमधील नृत्यगृहांत १९६९–७० च्या सुमारास आकारास आली. एका जुन्या चर्चच्या इमारतीत चालणाऱ्या ‘सँक्च्युअरी’ या नृत्यगृहातील फ्रान्सिस ग्रासो हा तिचा आद्य प्रवर्तक मानला जातो. १९७२ मध्ये टेक्निक्स कंपनीने एसएल-१२०० हे थेट चालनाचे तबकडीयंत्र बाजारात आणले. त्याच्या १९७९ च्या सुधारित आवृत्तीत तबकडीचा वेग सरकपट्टीने ८ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करण्याची सोय होती. या यंत्राने ताल जुळविणे हे मूठभर निष्णातांचे काम न राहता शिकण्याजोगे तंत्र झाले.

मुद्रित स्वरूपातील सलग मिश्रणाचे प्रारंभीचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ग्लोरिया गेनर हिची १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेली नेव्हर कॅन से गुडबाय ही दीर्घवादन तबकडी होय. टॉम मोल्टन याने तिच्या पहिल्या बाजूवरील तीन गीते अखंड जोडली होती. पुढे नृत्यगृहांतील रात्रीच्या रात्री कॅसेटवर मुद्रित होऊन हस्ते-परहस्ते फिरू लागल्या. बीबीसी रेडिओ १ वर ३० ऑक्टोबर १९९३ रोजी सुरू झालेल्या ‘इसेन्शियल मिक्स’ या दोन तासांच्या कार्यक्रमामुळे तर दर आठवड्यास एक लांब मिश्रण घरोघर मुद्रित होऊ लागले. भारतात १९८० नंतरच्या दशकात ‘नॉनस्टॉप’ या नावाने चित्रपटगीतांच्या व दांडियाच्या अखंड कॅसेटी लोकप्रिय झाल्या. त्यांतील जोड मात्र पुष्कळदा ताल जुळवून नव्हे, तर वादकांनी मधले तुकडे प्रत्यक्ष वाजवून साधलेले असत. अशा मुद्रणात सांधा हीच एक छोटी रचना असते व तिचे स्थान ठरविणे तुलनेने सोपे जाते.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या काँपॅक्ट डिस्क या अंकीय तबकडीने विभाजनाचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. तिच्यावर ध्वनी अखंड असूनही त्याच्या बाजूस ठेवलेल्या उपसंकेतात ध्वनिपटांचे प्रारंभ नोंदलेले असतात. श्रोत्याने पुढील गीताची कळ दाबली की, यंत्र त्या नोंदीवर उडी घेते. ती न दाबल्यास मिश्रण विनाखंड वाजत राहते. ध्वनी न तोडता फक्त खुणा ठेवण्याची ही कल्पना अतिशय समंजस होती. संगणकावरील सुट्या फायलींच्या युगात ती मागे पडली आणि तिच्यामुळे टळलेल्या सर्व अडचणी परत आल्या.

मिश्रणाची घडण : तोडबिंदू ठरविण्यासाठी मिश्रण कसे घडते हे माहीत असणे आवश्यक आहे. नृत्यसंगीतातील बहुसंख्य रचना चार मात्रांच्या आवर्तनावर आधारलेल्या असतात आणि आठ, सोळा किंवा बत्तीस आवर्तनांचे त्यांचे खंड पडतात. मिनिटास १२८ मात्रा ही हाऊस या प्रकारातील नेहमीची गती घेतल्यास एक मात्रा ०·४६८७५ सेकंदाची, एक आवर्तन १·८७५ सेकंदांचे व सोळा आवर्तनांचा खंड बरोबर ३० सेकंदांचा होतो. कुशल वादक दुसऱ्या गीताचा प्रारंभ पहिल्या गीताच्या खंडारंभाशी जुळवितो. त्यामुळे सांध्यातील महत्त्वाचे बदल या ३० किंवा १५ सेकंदांच्या जाळ्यावरच घडतात. विभाजन करणाऱ्याला हे जाळे एकदा सापडले की, निम्मे काम झाले असे समजावे.

सांध्यामध्ये दोन्ही गीतांची तीव्रता सरकपट्टीने बदलली जाते. एकाची पातळी सरळ रेषेत उतरवून दुसऱ्याची तशीच चढविल्यास मध्यबिंदूवर दोन्ही परमप्रसर निम्मे होतात आणि एकूण शक्ती सु. ३ डेसिबेलने घटते. कानाला तेथे खळगा जाणवतो. यासाठी मिश्रकात पुष्कळदा समशक्ती वक्र योजतात. त्यात मध्यबिंदूवर प्रत्येकाचा परमप्रसर ०·७०७ पट राहतो व खळगा पडत नाही. तथापि आधुनिक मिश्रणात तीव्रतेपेक्षाही समकारीचा, म्हणजे निरनिराळे कंप्रतापट्टे स्वतंत्रपणे कमीजास्त करणाऱ्या मंडलाचा, वाटा मोठा असतो. दोन गीतांचे खर्जाचे ढोल एकत्र वाजल्यास आवाज गढूळ होतो. म्हणून नवे गीत आणताना त्याचा खर्ज दाबून ठेवतात आणि एखाद्या खंडारंभी जुन्याचा खर्ज काढून नव्याचा एकदम सोडतात. या क्षणाला खर्जपालट म्हणता येईल. नाचणाऱ्यांच्या दृष्टीने नवे गीत खऱ्या अर्थाने येथेच सुरू होते.

तोडबिंदूची निवड : याबाबत तीन प्रघात आढळतात. पहिल्यात नव्या गीताचा पहिला सूर ऐकू येताच खूण करतात. या पद्धतीने नवे गीत संपूर्ण मिळते, परंतु त्याच्या आरंभी जुन्या गीताचे लांब शेपूट राहते. दुसऱ्यात सांध्याचा मध्य घेतात. ही वाटणी न्याय्य वाटली, तरी मध्य खंडाच्या आत कोठेही पडू शकत असल्याने पुढील तुकडा आवर्तनाच्या मधूनच सुरू होण्याचा धोका असतो आणि तो कानाला फार खटकतो. तिसऱ्या पद्धतीत खर्जपालटाच्या खंडारंभी, पहिल्या मात्रेवर, तोडतात. या तिन्हींत तिसरी पद्धत सामान्यतः सर्वांत समाधानकारक होय. तिच्यात तुकडा सुटा ऐकला, तरी तो समेवर सुरू होतो आणि कोणते गीत चालू आहे याविषयी श्रोत्याचा संभ्रम होत नाही. खर्जपालट नसलेल्या, संथ विरत जाणाऱ्या मिश्रणांना ती अर्थातच लागू पडत नाही. तेथे पहिला किंवा दुसरा प्रघातच पाळावा लागतो.

सांधा दोन्ही तुकड्यांत पुनरावृत्त करणे हा आणखी एक मार्ग आहे. त्यात कोणाचेच नुकसान होत नाही. पण तुकडे ओळीने लावल्यास प्रत्येक सांधा दोनदा वाजतो आणि मूळ मिश्रण पुन्हा उभे करता येत नाही. सुटी गीते हवी असणाऱ्यास हा मार्ग सोयीचा, तर मिश्रण ऐकू इच्छिणाऱ्यास निरुपयोगी ठरतो. कामास हात घालण्यापूर्वी या दोहोंपैकी आपला हेतू कोणता हे ठरविणे इष्ट असते. तसे न केल्यामुळे शंभर तुकडे पुन्हा करण्याची वेळ आलेली अनेकदा दिसते.

प्रत्यक्ष कृती : या कामासाठी अनेक आज्ञावल्या उपलब्ध आहेत. त्यांपैकी ऑडॅसिटी ही सर्वांत प्रचलित असून ती विनामूल्य आहे. डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये तिच्या रचनेस प्रारंभ केला आणि २००० साली ती सार्वजनिक झाली. इतर संपादकांतील आज्ञांची नावे वेगळी असली, तरी कामाचा क्रम हाच असतो.

फाईल उघडल्यावर पडद्यावर तरंगचित्र दिसते. म्हणजे काळ आडवा व परमप्रसर उभा. नृत्यसंगीताचे तरंगचित्र एखाद्या जाड पट्ट्यासारखे असते व त्यात ठिकठिकाणी बारीक कमरा दिसतात. नवख्याला या कमरा म्हणजे गीतांच्या सीमा वाटतात. बहुतेक वेळा तसे नसते. गीताच्या मध्यावर ढोल थांबवून केवळ सुरावट ठेवण्याची पद्धत आहे व कंबर ही त्या विश्रांतीची खूण असते. खरी सीमा उलट पट्ट्याच्या जाड भागात लपलेली असते. वर्णपटचित्रात मात्र ती पुष्कळदा उघड होते. कारण त्यात कंप्रता उभ्या अक्षावर असल्याने खालचा खर्जाचा पट्टा कोठे क्षीण झाला व कोठे पुन्हा उमटला हे स्पष्ट दिसते.

श्रवण चालू असताना ठरीव कळा दाबून खुणा करता येतात व त्या मुख्य पटाखालील खूणपट्टीवर जमा होतात. पहिल्या फेरीत या खुणा अंदाजानेच कराव्यात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खुणेभोवतीचा भाग मोठा करून ती ढोलाच्या ठोक्याच्या अगदी आरंभी सरकवावी. खुणेजवळ गीताचे नाव टंकित केल्यास तेच पुढे फाईलचे नाव होते. सर्व खुणा झाल्यावर ‘खुणांनुसार अनेक फायली’ असा निर्यातीचा पर्याय निवडला की, प्रत्येक खुणेपासून पुढील खुणेपर्यंतचा भाग आपोआप वेगळा होतो. पहिल्या खुणेच्या अगोदर ध्वनी असल्यास तो घ्यावयाचा की नाही हे वेगळे सांगावे लागते; निवेदकाचे प्रास्ताविक या एका विसरामुळे हरवते. बिंदुखुणेऐवजी क्षेत्रखूण केल्यास नेमका तेवढाच भाग निर्यात होतो, त्यामुळे सांध्याची पुनरावृत्ती करू इच्छिणाऱ्यास ती उपयोगी पडते. खूणपट्टी साध्या मजकुराच्या स्वरूपात वेगळी जतन करता येते व ती अवश्य करावी. काही तासांचे श्रवण त्या काही ओळींत साठलेले असते.

पुष्कळदा मिश्रणाबरोबर गीतांची यादी व त्यांच्या वेळा उपलब्ध असतात. त्या वेळा सेकंदापर्यंतच दिलेल्या असतात आणि १२८ मात्रांच्या गतीत एका सेकंदात दोनांहून अधिक मात्रा येतात. तेव्हा यादीवर विसंबून तोडल्यास तोड समेवर पडणे हा योगायोगच ठरतो. शिवाय यादी दुसऱ्या प्रतीवरून केलेली असेल, तर संपूर्ण वेळा काही सेकंदांनी सरकलेल्या असतात. कॅसेटवरून उतरविलेल्या मुद्रणात वेगाची चूक साठत जाते. वेगातील केवळ १ टक्का फरकाने दोन तासांच्या शेवटी ७२ सेकंदांचे अंतर पडते. अशा वेळी पहिल्या व शेवटच्या ओळखीच्या जागा कानाने निश्चित करून मधल्या वेळा त्या प्रमाणात सुधारून घ्याव्या लागतात.

तोडीची अचूकता : अंकीय ध्वनी म्हणजे ठराविक कालांतराने घेतलेल्या नमुन्यांची मालिका. काँपॅक्ट डिस्कच्या प्रमाणानुसार सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, व दोन मार्ग असतात. या हिशोबाने सेकंदास १,७६,४०० बाइट व दोन तासांच्या मिश्रणास सु. १२७ कोटी बाइट लागतात. नेहमीच्या वेव्ह फाईलचा आकार ३२ बिटांच्या संख्येने नोंदविला जात असल्याने तिला सु. ४२९ कोटी बाइटांची मर्यादा पडते. १६ बिटांच्या ध्वनीस ही मर्यादा पावणेसात तासांनंतर गाठली जाते. परंतु संपादनासाठी ३२ बिटांचे नमुने वापरल्यास ती ३ तास २२ मिनिटांतच येते. रात्रभराच्या मुद्रणाचा उत्तरार्ध वाचता न येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

तोडबिंदूवर तरंगाची किंमत शून्य नसेल, तर तुकडा सुटा वाजविताना आरंभी ‘टक्’ असा आवाज येतो. तो टाळण्यासाठी खूण जवळच्या शून्यछेदावर सरकवितात. मात्र डाव्या व उजव्या मार्गांचे शून्यछेद क्वचितच एका जागी येतात. दुसरा उपाय म्हणजे तुकड्याच्या टोकांना पाच-दहा सहस्रांश सेकंदांचा चढ-उतार देणे. येथे एक विरोध लक्षात घ्यावयास हवा. तुकडे ओळीने विनाखंड वाजविले, तर तोड कोठेही असली तरी आवाज येत नाही, कारण एका तुकड्याचा शेवटचा नमुना व दुसऱ्याचा पहिला हे मुळात शेजारीच असतात. चढ-उतार दिल्यास हीच अखंडता भंगते व प्रत्येक सांध्यावर क्षणिक खाच पडते. सुट्या गीतासाठी जे औषध, तेच सलग श्रवणात दुखणे ठरते.

तुकडे डिस्कवर मुद्रित करावयाचे असल्यास आणखी एक पथ्य पाळावे लागते. डिस्कवरील सेकंदाचे ७५ भाग केलेले असतात व प्रत्येक भागात प्रत्येक मार्गाचे ५८८ नमुने मावतात. तुकड्याची लांबी ५८८ च्या पटीत नसल्यास शेवटचा भाग शून्यांनी भरून काढला जातो आणि मिश्रणात १३ सहस्रांश सेकंदांपर्यंतची पोकळी येते. ती इतकी अल्प असूनही स्थिर तालात ती अडखळल्यासारखी ऐकू येते. संपादकात कालमापन ‘सीडी चौकटी’ या एककात ठेवून खुणा त्यांवर बसविल्या की हा दोष उद्भवत नाही.

विभाजन निर्दोष झाले आहे किंवा नाही याची एक निर्णायक कसोटी आहे. सर्व तुकडे क्रमाने जोडून तयार झालेला पट मूळ पटाखाली ठेवावा, त्याची कला उलटी करावी आणि दोहोंची बेरीज करावी. काहीही हरविले किंवा बदलले नसेल, तर बेरीज पूर्ण निःशब्द येते. १६ बिटांत निर्यात करताना काही आज्ञावल्या सूक्ष्म यादृच्छिक गोंगाट मुद्दाम मिसळतात. या कसोटीपूर्वी ती सोय बंद ठेवावी लागते. तसेच प्रत्येक तुकड्याची तीव्रता स्वतंत्रपणे समान करण्याचा मोह टाळावा. संथ आरंभापासून चढत गेलेले मिश्रण त्यामुळे सपाट होते व प्रत्येक जोडावर आवाज पायरीसारखा उडी घेतो. तीव्रता बदलावयाचीच असेल, तर सर्व तुकड्यांना मिळून एकच गुणक वापरावा.

संपीडित फायली : बहुतेक मिश्रणे एमपी३ या संपीडित स्वरूपात उपलब्ध असतात व येथे वरील अचूकता पुष्कळ अंशी निष्फळ ठरते. एमपी३ मध्ये ध्वनी ११५२ नमुन्यांच्या, म्हणजे सु. २६ सहस्रांश सेकंदांच्या चौकटींत बांधलेला असतो. अशी फाईल संपादकात उकलून, तोडून पुन्हा एमपी३ केल्यास दुसऱ्यांदा गुणवत्ता घटते. न उकलता केवळ चौकटींच्या सीमेवर तोडणाऱ्या आज्ञावल्या आहेत (उदा., एमपी३डायरेक्टकट, एमपी३स्प्लिट). त्यांनी गुणवत्ता राहते, पण तोड २६ सहस्रांश सेकंदांच्या टप्प्यांतच घेता येते. शिवाय एखाद्या चौकटीची माहिती आधीच्या चौकटींतील शिल्लक जागेत ठेवण्याची मुभा या पद्धतीत असल्यामुळे तोडीनंतरची पहिली चौकट अपुरी पडू शकते.

नव्याने संकेतन केलेल्या प्रत्येक एमपी३ फाईलच्या आरंभी व शेवटी थोडी शांतता अपरिहार्यपणे जोडली जाते. लेम या प्रचलित संकेतकात आरंभीचा विलंब ५७६ नमुन्यांचा असून उकलताना त्यात आणखी ५२९ नमुन्यांची भर पडते. म्हणजे एकूण २५ सहस्रांश सेकंद होतात. हा आकडा फाईलमध्येच नोंदवून ठेवण्याची सोय असल्याने ती नोंद वाचणारी वादनयंत्रे शांतता गाळू शकतात. न वाचणाऱ्या यंत्रांवर दर गीतास उचकी लागते. फ्लॅक या २००१ मध्ये सिद्ध झालेल्या हानिरहित पद्धतीत हा दोष मुळातच नाही. म्हणून मूळ मिश्रण हानिरहित स्वरूपात मिळत असल्यास तुकडेही त्याच स्वरूपात ठेवावेत.

सूचिपत्रक : ध्वनी न तोडता विभाजनाचा लाभ मिळविण्याचा मार्ग म्हणजे सूचिपत्रक अथवा ‘क्यू शीट’ होय. डिस्क मुद्रित करण्याच्या सीडीआरविन या आज्ञावलीसाठी जेफ अर्नोल्ड याने ही पद्धत योजली. हे साध्या मजकुराचे पान असून त्यात मोठ्या फाईलचे नाव, प्रत्येक ध्वनिपटाचा क्रमांक, शीर्षक, कलावंत व प्रारंभाची वेळ एवढेच दिलेले असते. वेळ मिनिटे, सेकंद व चौकटी अशा तीन जोड्यांत लिहितात. शेवटची जोडी ०० ते ७४ असते. ती दशांश समजून लिहिण्याची चूक फार होते. ०७:३०:३७ याचा अर्थ साडेसात मिनिटे व सु. अर्धा सेकंद असा आहे, ०·३७ सेकंद असा नव्हे. सूचिपत्रक वाचणारे वादनयंत्र प्रत्येक गीत स्वतंत्र दाखविते आणि तरीही मिश्रण अखंड वाजविते. खूण चुकल्यास एक ओळ सुधारली की पुरे. कापलेल्या फायलींबाबत हे शक्य नसते, विशेषतः मूळ फाईल जागा वाचविण्यासाठी पुसून टाकली असेल तर.

असे पुसणे नित्याचे आहे व त्याने होणारी हानी भरून येत नाही. मिश्रणातील गीते अन्यत्र मिळतात. परंतु त्या रात्री त्या वादकाने ती कोणत्या क्रमाने, कोणत्या गतीने व कशी जोडून वाजविली, ही गोष्ट फक्त त्या मुद्रणात असते. क्रमांक न घातलेल्या तुकड्यांची मांडणी संगणक नावाच्या वर्णक्रमाने करतो आणि दोन तासांची रचना क्षणात विस्कटते. क्रमांकही ‘१, २, ... १०’ असे न देता ‘०१, ०२, ... १०’ असे द्यावेत, नाही तर दहावे गीत दुसऱ्याच्या आधी जाऊन बसते.

स्वयंचलित पद्धती : शांततेचा शोध घेऊन खुणा करणारी साधने जुनी आहेत. ठराविक पातळीच्या खाली ठराविक काळ आवाज गेला की ती सीमा मानतात. दीर्घवादन तबकडीच्या एका बाजूवरील गीते वेगळी करण्यास ती उत्तम असली, तरी सलग मिश्रणात ती एकतर काहीच शोधत नाहीत किंवा वर सांगितलेल्या विश्रांतीच्या जागी फसतात. जोनाथन फूट याने २००० मध्ये मांडलेल्या पद्धतीत मुद्रणातील प्रत्येक क्षणाची इतर प्रत्येक क्षणाशी तुलना करून साम्याचे चौकोनी कोष्टक तयार करतात. एकाच गीतातील क्षण परस्परसदृश असल्याने कोष्टकाच्या कर्णावर ठळक चौकोन उमटतात व दोन चौकोनांचा कोपरा ही सीमा मानली जाते. गीतांची संख्या आधीच ठाऊक असल्यास गणिती रीतीने सर्वांत योग्य सीमासमूह काढता येतो. तरीही लांब सांध्यात यंत्राने काढलेली सीमा त्यातल्या त्यात कोठेतरी पडते, समेवर पडेलच असे नाही.

गीत ओळखण्यासाठी ध्वनिठशाचे तंत्र उपयोगी आहे. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये दूरध्वनीवरून सुरू झालेल्या शझॅम या सेवेचे तंत्र अ‍ॅव्हरी वांग याने २००३ मध्ये प्रसिद्ध केले. वर्णपटातील ठळक शिखरांची स्थाने व त्यांमधील अंतरे यांवरून गीताचा ठसा बनतो व तो संग्रहातील ठशांशी ताडून पाहिला जातो. तबकडीचा वेग बदलला की शिखरांची स्थाने सरकतात. वेग ८ टक्के वाढविल्यास स्वर सु. १·३ अर्धस्वरांनी चढतो व ओळख पटत नाही. अशा वेळी मुद्रणाचा वेग अंदाजाने मागे आणून पुन्हा प्रयत्न केल्यास यश येते.

२०१९ मध्ये पुढे आलेल्या स्प्लीटर व डेमक्स या आज्ञावल्या गायन, ढोल, खर्ज व उर्वरित वाद्ये वेगळी करतात. त्यांनी मिश्रणही सोडविता येईल, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. सांध्यातील दोन्ही गीतांचे ढोल त्यांच्या लेखी ढोलच असतात. कोणता ठोका कोणत्या गीताचा हे त्या सांगू शकत नाहीत. मूळ गीत स्वतंत्रपणे उपलब्ध असेल, तर ते गती जुळवून वजा करण्याचे प्रयत्न होतात. पण समकारीने झालेले बदल माहीत नसल्याने वजाबाकी स्वच्छ उरत नाही.

मैफलींची मुद्रणे : याच साधनांचा महाराष्ट्रात अधिक उपयुक्त वापर होतो तो मैफलींच्या खाजगी ध्वनिफिती अंकीय करण्यासाठी. ९० मिनिटांच्या कॅसेटच्या प्रत्येक बाजूवर ४५ मिनिटे मावतात व बाजू बदलताना काही क्षण गमावलेले असतात. ती जागा प्रथम शोधून तिची नोंद करावी, कृत्रिम जोड देऊन लपवू नये. रागांच्या सीमा टाळ्यांनी व तंबोरे पुन्हा जुळविण्याच्या आवाजाने सहज ओळखू येतात. विलंबित ख्यालातून द्रुतात शिरण्याची जागा मात्र नृत्यसंगीतातील सांध्याइतकीच अवघड असते. ठेका बदलतो, पण राग तोच राहतो आणि गायकाने आधीच्या आलापीत उभे केलेले वातावरण पुढे चालू असते. येथे फाईल तोडण्याऐवजी सूचिपत्रकात द्रुत बंदिशीच्या आरंभाची वेगळी नोंद करणे श्रेयस्कर होय. नावे देवनागरीत लिहावयाची असल्यास फाईलमधील माहितीपट्टी आयडी३ च्या दुसऱ्या आवृत्तीची हवी. पहिल्या आवृत्तीत शीर्षकास ३० बाइटच असतात व देवनागरी लिपीची सोय नसते.

कायदेशीर बाजू : मिश्रणातील प्रत्येक ध्वनिमुद्रणावर व त्यातील संगीत आणि शब्द यांवर स्वतंत्र स्वामित्वाधिकार असतात. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील अधिकार प्रसिद्धीच्या पुढील कॅलेंडर वर्षाच्या प्रारंभापासून साठ वर्षे टिकतो. याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये संशोधनासह खाजगी अथवा वैयक्तिक उपयोगासाठी उचित व्यवहारास सूट असून २०१२ च्या दुरुस्तीने तिची व्याप्ती ध्वनिमुद्रणांपर्यंत वाढली. स्वतःच्या श्रवणासाठी केलेले विभाजन व वेगळे केलेले तुकडे इतरांस वाटणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. सूचिपत्रकात ध्वनी नसतो, केवळ नावे व वेळा असतात. त्यामुळे संग्राहक एकमेकांना पुष्कळदा सूचिपत्रकेच पाठवितात.